तण गेले, औषध राहिले!

‘तण खाई धन’ ही आपल्याकडची जुनी म्हण. ती कोणा पंडिताने घरात बसून रचलेली नाही. ज्याच्या रानात हराळी आणि कुंदा यांनी ठाण मांडले, पेरलेल्या पिकाच्या तोंडचा घास लव्हाळ्याने पळविला, अशा कोणा शेतकऱ्याच्या पोळलेल्या जिभेवर ती आली असावी. पीक कोणतेही असो, पावसाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या की तणाशी झुंज ठरलेली. या झुंजीला देशावर खुरपणी म्हणतात, कोल्हापूर-साताऱ्याकडे भांगलण, वऱ्हाडात निंदण, तर कोकणात बेणणी. एकाच कामाला चार मुलखांत चार नावे असली, की खुशाल समजावे, ते काम माणसाचे कंबरडे मोडणारे आहे! आणि हे कंबरडे बहुधा बाईमाणसाचे असते.

ही चारही नावे आता मागे पडू लागली आहेत. खेड्यांतून आमच्या महाविद्यालयात येणारी मुले सुट्टीहून परतली की सांगतात, “सर, यंदा खुरपणी नाही. तणावर औषध मारलं.” मी पडलो भाषेचा मास्तर. मला त्या वाक्याची गंमत वाटते. मराठीत औषध देतात, घेतात, लावतात, उगाळतात. ‘मारतात’ ते एवढे एकच! ज्याला मारावयाचे त्याच्या दृष्टीने ते उघड उघड विष. परंतु मारणारा त्याला औषध म्हणतो, कारण त्याचे दुखणे त्याने बरे होते. सरकारी कागदांत त्याचे नाव आहे ‘तणनाशक’.

तण मेल्यावर हे औषध जाते कोठे? थोडे मातीत, थोडे पाण्यात आणि थोडे, अगदी थोडे, दाण्यात. दाणा येतो आपल्या ताटात. हे ‘अगदी थोडे’ म्हणजे नेमके किती, आणि तेवढ्याने आपल्याला काही होते काय, हाच सगळ्या वादाचा विषय आहे. दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना असा विषय काढणे म्हणजे चकलीत खडा लागण्यासारखे, हे कळते. पण जे ताट आपण एवढ्या हौसेने भरतो, त्यातल्या दाण्याची चौकशी वर्षातून एकदा करावयास हरकत नसावी.

करवंदाच्या परदेशी बहिणीची गोष्ट

ही चौकशी काही आजची नाही. साठाहून अधिक वर्षांपूर्वी ती एका सणाच्या तोंडावरच सुरू झाली. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण असतो. आपल्याकडे दिवाळीला जशी चकली, तशी तिकडे त्या दिवशी ताटात क्रॅनबेरी हवीच. क्रॅनबेरी म्हणजे करवंदासारखे आंबट, लालबुंद फळ. त्याची गोड चटणी करून ती जेवणात वाढतात.

१९५९ सालच्या नोव्हेंबरची ९ तारीख. सण अवघ्या सतरा दिवसांवर आलेला. त्या दिवशी अमेरिकेचे आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी वार्ताहरांना सांगितले, की वॉशिंग्टन व ओरेगॉन या राज्यांतील काही क्रॅनबेरींत अमिनोट्रायझोल नावाच्या तणनाशकाचा अंश सापडला आहे. आणि प्रयोगशाळेत या द्रव्याने उंदरांच्या कंठग्रंथीत कर्करोगाच्या गाठी झालेल्या आहेत. वार्ताहरांनी साहजिक प्रश्न केला, मग गृहिणीने काय करावे? मंत्र्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की फळ कोठून आले हे कळत नसेल, तर न घेतलेले बरे.

झाले! दुकानांतून क्रॅनबेरीचे डबे भराभर उतरले. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या घरी त्या सणाला सफरचंदाची चटणी वाढली गेली. उलट पुढल्या वर्षी निवडणुकीत एकमेकांसमोर उभे ठाकलेले निक्सन आणि केनेडी हे दोघे पुढारी लोकांदेखत क्रॅनबेरीची चटणी खाऊन आणि रस पिऊन दाखवू लागले. पुढे सरकारने घाईघाईने तपासण्या केल्या, बहुतेक माल निर्दोष ठरला आणि बागायतदारांना नुकसानभरपाई द्यावी लागली.

घडले होते काय? हे औषध फळे उतरविल्यानंतर मारावे असा नियम होता. काहींनी ते आधीच मारले. म्हणजे औषधापेक्षा त्याची वेळ चुकली होती. दुसरी गोष्ट कायद्याची. १९५८ च्या तेथील कायद्यात असे कलम होते, की ज्या द्रव्याने माणसाला किंवा जनावराला कर्करोग होतो, ते अन्नात घालण्यास मुळीच परवानगी मिळणार नाही. ‘किती’ हा प्रश्नच त्या कलमाला ठाऊक नव्हता. तेव्हापासून आजतागायत तणनाशकाचा प्रत्येक वाद या दोन खुंट्यांभोवती फिरत आला आहे. औषध मारले केव्हा, आणि दाण्यात उरले किती?

आजचा आरोपी

आजच्या वादातल्या मुख्य आरोपीचे नाव ग्लायफोसेट. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांना १९७० मध्ये त्याचा तणनाशक गुण आढळला आणि १९७४ मध्ये ते ‘राउंडअप’ या नावाने बाजारात आले. जगात सर्वांत जास्त वापरले जाणारे तणनाशक आज हेच आहे.

त्याची करणी मोठी चतुर आहे. प्रत्येक हिरवी वनस्पती आपल्या वाढीला लागणारी काही द्रव्ये स्वतःच्या शरीरात तयार करते. त्यातली तीन ज्या वाटेने तयार होतात, तिला शास्त्रज्ञ ‘शिकिमेट मार्ग’ म्हणतात. शिकिमी नावाच्या एका जपानी झाडावरून हे नाव पडले. ग्लायफोसेट या वाटेवरच्या एका नाक्यावर जाऊन आडवे बसते. वाट बंद, रसद बंद. आठ-पंधरा दिवसांत तण पिवळे पडून मरते. माणसाच्या शरीरात ही वाटच नाही. ती तीन द्रव्ये आपण अन्नातून आयती घेतो. तेव्हा ज्या नाक्यावर हे औषध बसते, तो नाकाच आपल्याकडे नसेल, तर आपल्याला त्याची बाधा कशी व्हावी? असा साधा आणि बराचसा खरा युक्तिवाद या औषधाच्या बाजूने केला जातो.

‘बराचसा’ म्हणण्याचे कारण असे, की आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणूंची वस्ती आहे आणि त्यांतल्या अनेकांच्या शरीरात ही वाट असते. आपल्या पचनाशी आणि प्रकृतीशी त्या वस्तीचा निकटचा संबंध आहे. अन्नातल्या अल्प अंशाने तिच्यात काही बिघाड होतो काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. निर्णायक उत्तर अद्याप हाती आलेले नाही.

आता हे तणाचे औषध दाण्यात शिरते कसे? पहिली वाट बियाण्याची. १९९६ पासून अमेरिकेत असे सोयाबीन पेरले जाऊ लागले, की ज्याला ग्लायफोसेट मारीतच नाही. मग उभ्या पिकावरूनच औषध फवारावे; तण मरते, पीक डोलत राहते. दुसरी वाट मात्र आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी दारातून जाते. ती आहे मसुराची.

मसूर आपल्या देशात पिकतो, पण पुरत नाही. म्हणून कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथून तो जहाजे भरभरून येतो. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांत हे मसुराचे मोठे आगर. तिकडे उन्हाळा आखूड, थंडीची घाई. एका झाडावरच्या शेंगा वाळलेल्या, तर दुसऱ्यावरच्या हिरव्या. सगळे रान आपसुख वाळण्याची वाट पाहावी, तर दहिवर पडून पीक हातचे जायचे. म्हणून तेथील अनेक शेतकरी कापणीच्या थोडे दिवस आधी उभ्या पिकावर ग्लायफोसेट फवारतात. तण मरते आणि पीकही एकसारखे वाळून यंत्राला सोपे जाते. दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांखाली उतरल्यावरच फवारावे, असा नियम आहे. कारण दाणा हिरवा असताना फवारले, तर झाडाच्या रसाबरोबर औषधही दाण्यात जाऊन बसते. म्हणजे पुन्हा तीच क्रॅनबेरीची गोष्ट: वेळ पाळली तर थोडे, चुकविली तर जास्त.

एक द्रव्य, दोन निकाल

२०१५ च्या मार्च महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. ही संस्था फ्रान्समधील ल्यों येथे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निकाल दिला, की या द्रव्याने कर्करोग होण्याचा संभव दिसत नाही. २०१६ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञमंडळानेही सांगितले, की अन्नातून जाणाऱ्या अंशाने माणसाला कर्करोगाचा धोका संभवत नाही. सामान्य माणसाने समजावे तरी काय? एकाच घरातल्या दोन भावांनी एकाच पाहुण्याला एकाने ‘बसा’ आणि दुसऱ्याने ‘निघा’ म्हणावे, तसा हा प्रकार!

पण नीट पाहिले, तर दोघांना विचारलेले प्रश्नच निराळे होते. गावात एक जुनी विहीर आहे, तिला कठडा नाही. ‘ही विहीर माणसाला बुडवू शकेल काय?’ असे विचारले, तर उत्तर ‘होय’. ‘विहिरीपासून अर्धा कोस दूर राहणारी अमुक आजीबाई तिच्यात पडेल काय?’ असे विचारले, तर उत्तर ‘बहुतेक नाही’. ल्योंच्या संस्थेने पहिला प्रश्न विचारला, संयुक्त मंडळाने दुसरा. हे सगळ्या मतभेदाचे उत्तर नव्हे; कोणते प्रयोग ग्राह्य धरावयाचे यावरूनही त्यांच्यात वाद होता. पण निम्मा घोळ तरी यामुळे उलगडतो.

ल्योंच्या संस्थेची यादी वाचताना आणखीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या गटात ग्लायफोसेट आहे, त्याच गटात ६५ अंशांहून अधिक गरम पेयेही आहेत. म्हणजे चुलीवरून उतरलेला चहा बशीत न ओतता तसाच घशाखाली लोटणारे आपले काका तेथेच येतात! आणि फराळानंतर आपण ज्या अगत्याने सुपारी पुढे करतो, ती तर त्याहून वरच्या गटात, ‘निश्चित कर्करोगकारक’ म्हणून, तंबाखूच्या शेजारी बसलेली आहे. हे गट पुराव्याच्या बळकटीचे असतात, धोक्याच्या मोठेपणाचे नव्हेत. तरीही ज्याला मसुराच्या डाळीची धास्ती वाटते, त्याने आधी तोंडातली सुपारी थुंकावी, एवढे सांगण्याचा मोह आवरत नाही.

वाटीभर डाळीचे गणित

“ते ल्यों-बियों राहू द्या. मसुराची डाळ आणायची की नाही, तेवढे सांगा,” असे आमच्या घरी मला स्वच्छ विचारण्यात आले. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसणे भाग पडले. तेच गणित येथे मांडतो.

गाभण सशिणींवरील प्रयोगांत दर किलो वजनामागे रोज ५० मिलिग्रॅमपर्यंत ग्लायफोसेट दिले, तोवर अपाय दिसला नाही. युरोपच्या संस्थेने या आकड्याला शंभराने भागले आणि माणसासाठी रोजची मर्यादा ठरविली: दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम. पन्नास किलो वजनाच्या बाईला ती रोज २५ मिलिग्रॅम पडते, पंधरा किलोच्या मुलाला साडेसात.

आता डाळ. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेप्रमाणे २०१८ साली मसुरात किलोमागे जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम ग्लायफोसेट चालत होते. आपली डाळ अगदी या काठावरची आहे असे धरू. आमटीला माणशी ३० ग्रॅम डाळ लागली, तर पोटात गेले ०.१५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या मर्यादेच्या दीडशेव्या हिश्शाहूनही कमी. मर्यादा गाठावयाची, तर त्या बाईने रोज पाच किलो मसूर खाल्ला पाहिजे! तेव्हा घरात मी उत्तर दिले, की डाळ आणावी. डाळीवाचून मुलांच्या वाढीचे जे नुकसान होईल, ते या अंशाने होणाऱ्या संभाव्य नुकसानाहून कितीतरी मोठे आणि कितीतरी खात्रीचे आहे.

पण हे गणित संपले म्हणजे शंकाही संपल्या, असे मात्र नाही. पहिली शंका काठाची. २०१८ सालच्या ‘कोडेक्स’मध्ये मसुराला ५, सोयाबीनला २० आणि गव्हाला ३० मिलिग्रॅम चालत होते. द्रव्य तेच, खाणारे पोट तेच, मग आकडे निराळे का? कारण हा आकडा प्रथम शेतातल्या वापरावरून निघतो. नियमाप्रमाणे औषध मारल्यावर दाण्यात जेवढे उरते, तेवढ्याला परवानगी. मग ते पोटाच्या मर्यादेत बसते की नाही, हे पडताळून पाहतात. काठावरचा गहू धरला आणि पंधरा किलोच्या मुलाने दिवसात शंभर ग्रॅम पोळी खाल्ली, तर पोटात ३ मिलिग्रॅम जातात. मर्यादा साडेसातचीच. म्हणजे मसुराच्या वेळी जे अंतर कोसाचे होते, ते येथे हातभर उरले. आपल्या गव्हावर कापणीपूर्वी हे औषध मारण्याची परवानगीच नाही, म्हणून आपल्याला हा प्रश्न तूर्त भेडसावीत नाही, इतकेच.

दुसरी शंका मिश्रणाची. मर्यादा एकेका द्रव्याची ठरते. पोटात मात्र दहा द्रव्ये एकत्र जातात. शिवाय बाटलीत नुसते ग्लायफोसेट नसते. ते पानाला चिकटावे म्हणून साबणासारखी द्रव्येही मिसळतात. त्यांतले एक मूळ औषधाहून अधिक अपायकारक ठरल्याने युरोपने २०१६ मध्ये ते ग्लायफोसेटमध्ये घालण्यास बंदी केली. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने १९७१ पर्यंत जंगलांवर तणनाशके ओतली, त्यांतल्या कुप्रसिद्ध ‘एजंट ऑरेंज’चा धडाही हाच. सर्वांत भयंकर ठरले ते त्यात मिसळून गेलेले डायॉक्झिन, जे कोणी मुद्दाम घातलेले नव्हते.

तिसरी शंका विश्वासाची. ग्लायफोसेट निर्धोक आहे असे सांगणारा एक शास्त्रीय लेख २००० साली प्रसिद्ध झाला आणि पुढे वर्षानुवर्षे त्याचा दाखला दिला गेला. त्याच्या लेखनात कंपनीच्याच माणसांचा हात होता, हे न्यायालयात आलेल्या कागदपत्रांवरून उघड झाले, आणि २०२५ मध्ये त्या नियतकालिकाने लेख मागे घेतला. यावरून औषध घातक आहे असे सिद्ध होत नाही. पण विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानेच तपासली असेल, तर गुण बरोबर असूनही निकालावर कोणी विश्वास ठेवीत नाही, हे आम्हा मास्तरांना कोणी सांगावयास नको.

‘सापडले नाही’ आणि ‘शोधले नाही’

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. वरचे सगळे गणित ‘डाळ काठाच्या आत आहे’ या गृहीतावर उभे आहे. ती आत आहे, हे कोणी पाहिले?

कॅनडाच्या अन्नतपासणी संस्थेने २०१५-१६ मध्ये बाजारातले ३,१८८ नमुने ग्लायफोसेटसाठी तपासले. त्यांतल्या २९.७ टक्के नमुन्यांत अंश सापडला. मर्यादेबाहेर गेलेले निघाले १.३ टक्के. अमेरिकेत २०१३-१४ मध्ये सहा वर्षांवरील लोकांच्या लघवीची तपासणी झाली, तेव्हा शंभरांतल्या ऐंशीहून अधिकांत ग्लायफोसेटचा अंश दिसला. सापडणे म्हणजे बाधणे नव्हे. शरीरात गेलेले हे द्रव्य फारसे साठून न राहता थोड्या दिवसांत बाहेर पडते, हेही त्यातूनच कळते. पण आकडा हाती आहे, म्हणून तेथील नागरिकाला निदान त्यावर भांडता तरी येते.

आपल्याकडे २०१८ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने आयात डाळींतील ग्लायफोसेट तपासण्याचे आदेश दिले आणि ‘कोडेक्स’ची मर्यादा आधाराला घेतली. हे चांगलेच झाले. पण येथे रसायनशास्त्रातली एक मेख ध्यानात घेतली पाहिजे. प्रयोगशाळेत अन्नाचा नमुना गेला, की एकाच पद्धतीने शेकडो कीटकनाशके एकदम शोधतात. ग्लायफोसेट या चाळणीत अडकत नाही. ते पाण्यात सहज विरघळणारे, निराळ्या स्वभावाचे द्रव्य असल्याने त्याच्यासाठी वेगळी तपासणी लावावी लागते, तिचा खर्चही वेगळा. म्हणून ‘अमुक शेकडा द्रव्ये तपासली, काही सापडले नाही’ असा दाखला कोणी दाखविला, तर विचारावे, त्या यादीत ग्लायफोसेट होते काय? ‘सापडले नाही’ आणि ‘शोधले नाही’ ही दोन वाक्ये मराठीत शेजारी शेजारी ठेवली, तर सारखीच दिसतात. त्यांच्या अर्थात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे विचारण्याची गरज आपल्या महाराष्ट्रात तर अधिकच आहे. आपल्या देशात ग्लायफोसेट वापरण्याची मान्यता होती ती चहाच्या मळ्यांत आणि पडीक जागी. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आणखी बंधन घातले, की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच मारले जावे. हा झाला कागद. रानातली गोष्ट निराळी. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणाऱ्या, मान्यता नसलेल्या कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. कापूस आपण खात नाही, हे खरे. पण सरकीचे तेल खातो आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांना घालतो. ग्लायफोसेट तेलात सहसा उतरत नाही. पेंडीचे काय, हे मोजल्यावाचून कळावयाचे नाही. आणि जी कपाशी कागदावर अस्तित्वातच नाही, तिची पेंड मोजणार कोण?

पाठीवरचा पंप

मोजमापाची ही गोष्ट करताना आणखी एका माणसाकडे पाहिले पाहिजे. ताटातली मात्रा मिलिग्रॅमच्या हिश्शांनी मोजावी लागते. पण जो माणूस हे औषध बादलीत कालवतो, पंप पाठीवर घेतो आणि वाऱ्याच्या झोताबरोबर स्वतःच भिजतो, त्याची मात्रा कोण मोजतो?

कर्करोगाच्या ज्या अभ्यासांवरून वाद पेटला, ते बहुतेक खाणाऱ्यांचे नसून फवारणाऱ्यांचे आहेत. अमेरिकेत ५४,००० हून अधिक फवारणाऱ्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात ग्लायफोसेट आणि कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. उलट २०१९ च्या एका अभ्यासाने अनेक पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा सर्वांत जास्त संपर्क आलेल्यांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा या रसग्रंथींच्या कर्करोगाचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला. ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने ज्या माणसाला २८ कोटी ९० लाख डॉलरांची भरपाई देवविली, तो शाळेच्या मैदानावर हे औषध फवारणारा कामगार होता. २०२० मध्ये अपिलात ती रक्कम सुमारे २ कोटी ५ लाखांवर आली. पण कंपनीची जबाबदारी कायम राहिली.

आणि सगळीच तणनाशके ग्लायफोसेटसारखी सौम्य नाहीत. पॅराक्वाटचा एखादा घोट पोटात गेला, तर माणूस वाचणे कठीण. त्यावर उतारा नाही; फुप्फुसे हळूहळू निकामी होतात. युरोपात २००७ मध्ये त्याचा वापर थांबला. केरळने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे किडीची होती, तणाची नव्हेत. पण पंप तोच होता, उघडे हात तेच होते आणि डब्यावरची बारीक अक्षरे न वाचता येण्याची अडचणही तीच होती.

याचा अर्थ शहरात बसून शेतकऱ्याला ‘खुरपणीच करा’ असा उपदेश करावा, असा नाही. ऐन हंगामात मजूर मिळत नाही, पाऊस उघडीप देत नाही आणि तण थांबत नाही. भर पावसात दिवसभर वाकून तण उपटणाऱ्या बाईच्या पाठीचा विचार केला, तर औषधाने तिची सुटका झाली, असेच कोणी म्हणेल. तिच्या हातची मजुरी गेली, असेही कोणी म्हणेल. आणि दोघेही खोटे बोलत नसतील.

मग करावे काय?

घरापुरते सांगावयाचे, तर घाबरून कोणतेही कडधान्य ताटातून काढू नये. ग्लायफोसेट दाण्याच्या आत असते, म्हणून नुसते वरवर धुऊन ते सगळे जात नाही, आणि शिजविण्याच्या आचेने नष्टही होत नाही. मात्र ते पाण्यात विरघळते. तेव्हा डाळ-कडधान्य भिजत घालून ते पाणी ओतून द्यावे. थोडा भाग त्याबरोबर जाऊ शकतो, आणि आपल्या आजीच्या पद्धतीला तेवढेच शास्त्राचे पाठबळ! रोज एकच डाळ न करता तूर, मूग, मटकी, हुलगे, वाल अशी पाळी लावावी, म्हणजे कोणत्याही एका शेतातला दोष रोज पोटात जावयाचा नाही. दोन्ही गोष्टी आपल्या घरांत पूर्वापार चालत आल्या आहेत. त्यांत खर्च नाही.

पण या प्रश्नाचे खरे उत्तर स्वयंपाकघरात नाही, याची जाणीव ठेवावी. युरोपात २०२३ मध्ये ग्लायफोसेटला आणखी दहा वर्षांची मुदत मिळाली, तीही पुष्कळ भांडण होऊन आणि कोणती माहिती अपुरी आहे, हे जाहीर करून. आपल्याकडे भांडण करावयाचे, तर आधी आकडे हवेत. बंदरावर उतरलेल्या डाळीत किती सापडले, पेंडीत किती, चहात किती, विहिरींच्या पाण्यात किती, हे दर वर्षी मराठीत छापून प्रसिद्ध व्हावे, अशी मागणी आपल्या ग्राहक मंडळांनी आणि महिला मंडळांनी लावून धरली, तर ती काही अवास्तव होणार नाही. आणि त्या आकड्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: यंदा फवारताना किती माणसे रुग्णालयात गेली?

पहिला आकडा आपल्या मुलांसाठी हवा. दुसरा, ज्याने आपल्यासाठी तो दाणा पिकविला, त्याच्या मुलांसाठी.